हेमांगीने गाळलेली दोन वर्षं

मृणाली पुण्याहून आली ती दिवाळीच्या सुट्टीत. अलिबागला गाडी बदलून, पाठीवर सॅक आणि हातात चार कोऱ्या वह्या घेऊन. मुरुडच्या कोळीवाड्यात हेमांगीचं घर सापडायला तिला वेळ लागला नाही. "मासळीच्या सायंटिस्ट बाई" एवढं विचारलं की कुणीही बोट दाखवायचं.

मृणाली कादंबरी लिहीत होती. चाळीस वर्षांपूर्वी विज्ञानात काम करायला निघालेल्या एका बाईची. तशी माणसं शोधत फिरताना कुणीतरी तिला हेमांगीचं नाव सुचवलं होतं.

"ऐतिहासिकच म्हणायची आता ही कादंबरी," चहाचा कप हातात घेत ती म्हणाली.

हेमांगीला हसू आलं. ती बासष्ट वर्षांची होती. आपलं तरुणपण इतिहासात जमा झालंय हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवस मृणाली विचारत राहिली आणि हेमांगी सांगत राहिली. आयुष्यात कुणी इतकं मन लावून तिचं ऐकलं नव्हतं. नवरा भला होता, पण बँकेतून आला की त्याला बातम्या आणि भजी लागत. तो गेल्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

हेमांगीचा बाप चंदर, स्वतःची बोट असलेला. आई नीराबाई बाजारात मासळी विकायची. घरात पुस्तक म्हणून पंचांग तेवढं. हेमांगी अलिबागच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली, मुंबईला जाऊन एमएस्सी झाली आणि सत्त्याऐंशी साली चौलजवळच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात लागली. खाडीच्या काठावर बैठी इमारत, मागे नारळीची वाडी, पुढे लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली केंद्राची बोट. ती बोट पाहूनच हेमांगी हरखली होती. बापाच्या बोटीवर तिला कधी कुणी चढू दिलं नव्हतं, बाईमाणसाचं तिथे काम नाही म्हणून. इथे तर तिचं कामच बोटीवर होतं. निदान तिला तसं वाटलं होतं.

केंद्राचे प्रमुख होते डॉक्टर दिनानाथ. कडक इस्त्री, हळू आवाज. त्यांनी कधी कुणाला अपशब्द वापरला नाही. पहिल्याच आठवड्यात हेमांगीने विचारलं, "सर, माझी बोटीची पाळी कधी?"

"तुमची?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, बोटीवर संडास नाही. तीन-तीन दिवस बाहेर राहावं लागतं. तुमच्याच सोयीसाठी सांगतो."

तुमच्याच सोयीसाठी. पुढली सगळी वर्षं हेमांगी हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकत आली. बोट जायची, तिच्याबरोबर नोकरीला लागलेले दोघे पुरुष जायचे, आणि ते आणतील त्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम हेमांगीकडे यायचं.

मग तिने स्वतःचा रस्ता काढला. तिला शोधायचं होतं, पापलेटं अंडी कधी घालतात. समुद्रात जाता येत नाही तर समुद्रातून आलेली मासळी तर आईच्या टोपलीत येतेच की! दर रविवारी ती मुरुडला येई आणि बाजारात आईशेजारी पाटावर बसे. खाणावळींसाठी नीराबाई मासळी साफ करी, तेव्हा पोटातली गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, हेमांगी बाजूला काढून घेई, मोजमाप करून औषधाच्या बाटलीत ठेवी. शेजारच्या कोळणी हसायच्या.

"नीरे, पोरगी एवढी शिकली ती मासळीची पोटं बघायला?"

"व्हय," नीराबाई म्हणायची, "तुमी पैशासाठी बघता, ती शिकन्यासाठी बघते."

नीराबाईला अक्षर येत नव्हतं, पण लेकीला काय हवंय ते तिला बरोबर कळलं होतं. ती प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचारायची, ही मासळी कुठं लागली, किती वाव खोल पाण्यात? मासळीबरोबर तो ठावठिकाणाही ती आठवडाभर डोक्यात सांभाळायची आणि रविवारी लेकीला घडाघडा सांगायची. खांदेरीच्या बाहेर, बारा वाव. जंजिऱ्याच्या दक्षिणेला, नऊ वाव. एकदाही चुकली नाही.

साडेतीन वर्षांच्या नोंदी जमल्यावर हेमांगीला दिसलं की पापलेट वर्षातून एकदा नव्हे, दोनदा अंड्यांनी भरतात. केंद्राच्या अहवालांत मात्र एकच हंगाम लिहिलेला होता, कारण दुसऱ्या वेळी वारा वाईट असतो म्हणून केंद्राची बोट बाहेर पडतच नसे. तिने सगळं नीट लिहून काढलं आणि दिनानाथांपुढे ठेवलं.

त्यांनी चाळलं. "कष्ट घेतलेत तुम्ही. पण बाजारातली मासळी कुठे पकडली हे कोण सांगणार? शास्त्राला ठिकाण लागतं."

"ठिकाणं लिहिलीत सर. प्रत्येक माशापुढे आहेत."

"ती कुणी सांगितली?"

"आईने. तांडेलांना विचारून."

ते हसले. "कोळणीचं तोंडी सांगणं म्हणजे नोंद नव्हे, हेमांगी."

"मग मला बोटीवर पाठवा. मी स्वतः नोंद आणते."

"बोटीवर संडास नाही," ते म्हणाले.

दोन वर्षांनी तो निबंध छापून आला. तक्ते हेमांगीचे, ठिकाणं नीराबाईची, नाव दिनानाथांचं आणि बोटीवर जाणाऱ्या त्या दोघांचं. शेवटी बारीक अक्षरात हेमांगीचे आभार होते, नमुने गोळा करायला मदत केल्याबद्दल. ठिकाणांपुढे लिहिलं होतं, स्थानिक मच्छीमारांकडून मिळालेली माहिती.

हेमांगी तो अंक घरी घेऊन आली. नीराबाईने हात पुसून तो मांडीवर घेतला.

"मी कुठं हाय यात?"

हेमांगीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही बघ आई. इथे."

नीराबाईने त्या ओळीवरून अंगठा फिरवला. "किती लहान लिवलंय गो," ती म्हणाली, आणि मग दोन दिवस ज्याला-त्याला सांगत राहिली की पुस्तकात आपलं नाव आलंय.

हेमांगीने एवढं सांगितलं. मृणालीने रेकॉर्डर बंद केला, डोळे पुसले आणि पुन्हा चालू केला. "मग पुढे?" तिने विचारलं.

"पुढे काय," हेमांगी म्हणाली. "नोकरी केली. दिनानाथ सर निवृत्त झाले, मग आणखी एक आले. बारा साली सेवाज्येष्ठतेने मीच प्रमुख झाले. एकवीस साली निवृत्त. संपलं."

"म्हणजे शेवटी त्याच खुर्चीत तुम्ही बसलात!" मृणालीचा चेहरा उजळला.

 हेमांगीने उठून चहाचं आधण ठेवलं.

माघात कादंबरीच्या कच्च्या खर्ड्याची प्रत कुरिअरने आली. मृणालीने चिठ्ठी जोडली होती: वाचा आणि बिनधास्त सांगा. हेमांगी दुपारी ओटीवर वाचायला बसली. पोरीने छान लिहिलं होतं. नीराबाई तर अशी उतरली होती, की वाचताना मासळीचा वास यावा. मग शेवटचं प्रकरण आलं. त्यात नायिका केंद्राची प्रमुख होते आणि पहिल्याच दिवशी धक्क्यावर जाऊन, नव्याने नोकरीला लागलेल्या एका मुलीचा हात धरून तिला बोटीत चढवते.

हेमांगीने पानं खाली ठेवली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. अमिषा, तिच्या मनात आलं. गेली आठ वर्षं हे नाव ती मनात येऊ देत नव्हती.

अमिषा पंधरा साली केंद्रात आली. उरणकडची, आगरी घरातली. आजोबा काळूराम मिठागरावर राबलेला, वडिलांचे दोन ट्रक. घरातली पहिलीच एमएस्सी. दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती, काम चांगलं झालं तर पुढे वाढणार होती. तिचा प्रश्न हेमांगीच्या प्रश्नाच्या पुढचा होता: पापलेटाची पिलं कुठे वाढतात, आणि जाळ्यात किती मरतात.

"मॅडम, मला बोटीवर जायचंय," तिने दुसऱ्याच महिन्यात सांगितलं.

"किनाऱ्यावरून सुरुवात कर. बाजारात जा. मी सगळं काम बाजारातून केलंय."

"तुमची गाबोळी बाजारात येत होती मॅडम. माझी पिलं येतच नाहीत. खलाशी जाळ्यातून काढून मेलेलीच परत पाण्यात टाकतात. ती बघायची तर बोटीवरच बघायला पाहिजेत."

पोरीचं बोलणं चोख होतं. हेमांगीला ते त्याच क्षणी पटलं होतं. तरी ती म्हणाली, "बघू."

अमिषाने तीनदा लेखी अर्ज केला. तिसऱ्या अर्जावर हेमांगीने उत्तर लिहिलं: बोटीवरील कर्मचाऱ्यांची गैरसोय व सुरक्षितता लक्षात घेता विनंती मान्य करता येत नाही. खाली सही. तिने स्वतःला समजावलं, चार पुरुष, तीन दिवस, काही बरंवाईट झालं तर उत्तर कोण देणार? तरण्या मुलीची जबाबदारी असते. तिने अमिषाला बोलावून हे सांगितलं, आणि सांगताना समोरच्या कागदांकडे बघत राहिली.

"तुझ्याच भल्यासाठी सांगतेय," ती म्हणाली.

त्या हंगामात बोटीवर प्रणय गेला. अमिषाबरोबरच लागलेला, सरळ, मेहनती मुलगा. अमिषाने त्याला काय मोजायचं, कसं मोजायचं ते वहीत लिहून दिलं आणि त्याने आणलं. दोन वर्षं संपली तेव्हा समुद्रावरचं सगळं काम प्रणयच्या नावावर होतं आणि अमिषाच्या अहवालात तक्त्यांच्या जागा रिकाम्या. शिष्यवृत्ती वाढवावी की नाही यावर प्रमुखांचा शेरा लागतो. हेमांगीने लिहिलं, प्रत्यक्ष नमुन्यांअभावी काम अपुरे. त्यात खोटं काहीच नव्हतं. अमिषा गेली. निरोपाला आली तेव्हा हेमांगी मुद्दाम अलिबागच्या मीटिंगला गेली होती.

ही दोन वर्षं तिने मृणालीला सांगितली नव्हती. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. पण चार दिवस कुणी आपल्यासाठी डोळे पुसत होतं, आणि त्या पोरीच्या नजरेत आपण जशा दिसत होतो तसंच दिसत राहावं, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने चौलला, केंद्रात गेली. आपण नेमकं काय लिहिलं होतं ते तिला पुन्हा पाहायचं होतं. प्रणय आता तिथे कायम झाला होता. त्याने खुर्ची दिली, शहाळं आणवलं आणि जुनी फाईल काढून दिली. फाईल उघडायच्या आधीच हेमांगीचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. धक्क्याला बोट लागत होती आणि रबरी बूट घातलेल्या दोन मुली खोकी उतरवत होत्या.

"या कोण?"

"आपल्याच आहेत मॅडम," प्रणय म्हणाला. "तुमच्यानंतर जे सर आले, त्यांनी पहिल्याच हंगामात पाठवल्या. आता नेहमीच जातात."

"आणि संडास?"

प्रणय जरा गोंधळला. "तो सदाभाऊंनी केला. मागच्या बाजूला फळ्या लावून. अर्ध्या दिवसाचं काम होतं."

हेमांगी धक्क्यावर गेली. सदा तांडेल दोर गुंडाळत होता. पंचवीस वर्षं तो ही बोट चालवत होता. तिला बघून त्याने नमस्कार केला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "सदा, ती अमिषा आठवते? तिला बोटीवर घ्यायला तुमची हरकत होती ना तेव्हा?"

"माझी?" सदाने दोर खाली ठेवला. "मला कुनी इचारलंच न्हाय, मॅडम. माझी सोताची पोरगी नर्स हाय मुंबईला, रात्रपाळी करते. मी कशाला न्हाय म्हनेन?" मग दोर पुन्हा उचलत म्हणाला, "तुमी कवा सांगितलंच न्हाय. आमाला वाटलं, तुमालाच पसंत न्हाय."

हेमांगी फाईल न उघडताच परत आली. गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली होती, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. कर्मचाऱ्यांची गैरसोय. कुणाची? तिने कुणालाही न विचारता ते लिहिलं होतं. आणि मग, रेवदंड्याच्या पुलावर, तिने स्वतःशी ते एकदाचं कबूल केलं. भीती खोटी नव्हती, पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. मी सगळा जन्म काठावर काढला, आणि ही कालची पोर आल्या-आल्या बोटीत बसणार? एवढंच होतं ते. इतकं क्षुद्र.

अमिषाचा पत्ता प्रणयकडून मिळाला. न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरच्या एका यार्डात ती कामाला होती. हेमांगी सकाळी निघून रेवसला गेली, लाँचने करंजाला उतरली आणि रिक्षा करून यार्डाच्या फाटकाशी पोहोचली. ट्रकांची रांग लागली होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वॉकी-टॉकी, एका ड्रायव्हरला झापत असलेली बाई तिच्याकडे वळली, आणि क्षणभर दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही.

"मॅडम? तुम्ही इथे?"

अमिषाने तिला कँटीनमध्ये नेलं, वडापाव मागवला. ती पस्तिशीची झाली होती, आवाज मोठा झाला होता. पाळीतल्या चाळीस माणसांवर ती देखरेख करत होती, त्यात बाई एकटी तीच. हेमांगीने वाटेत बरंच काही ठरवलं होतं. प्रत्यक्षात तिला एवढंच जमलं:

"तो अर्ज मी उगाच नाकारला. सदाला विचारलंही नव्हतं. मला तुझा हेवा वाटला, अमिषा. माफ कर."

अमिषाने वॉकी-टॉकीचा आवाज बारीक केला. 

"हेवा?" ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला देव समजत होते. तुमचा तो आभारवाला पेपर माहितीय मला. कॉलेजातल्या सीनियर लोकांनी सगळी स्टोरी सांगितली होती. म्हणून तर मी तुमच्याच सेंटरला अर्ज केला होता."

अमिषाने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं.

"खरं सांगू मॅडम? कुणा सरांनी नाही म्हटलं असतं ना, तर मी भांडले असते. वरपर्यंत गेले असते. पण तुम्ही म्हटलात. मला वाटलं, यांना सगळं माहितीय, यांनी एवढं सोसलंय, तरी या नाही म्हणतायत म्हणजे खरंच बाईला जमत नसणार. मी विश्वास ठेवला." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "घरी पप्पा तेच म्हणत होते. मग मी म्हटलं, बरोबर असेल."

"परत येतेस का? मी बोलते तिथे. कुठेतरी…"

"कुठे येऊ? वयाची अट कधीच ओलांडली. घर आहे, पोरगी पहिलीत आहे. इथे चांगलं चाललंय माझं, लोक घाबरतात मला." तिने वडापावचा कागद हेमांगीकडे सरकवला. "खा मॅडम. लांबून आलात."

"मला माफ केलंस का?"

"राग तीन-चार वर्षं होता. मग तो सांभाळायला टाइम नाही मिळाला. पण माफ केलं असं पण नाही म्हणता येणार. ती पिलं अजून आठवतात मला. कधी पापलेट आणायला बाजारात गेले ना, तर केवढी आहेत ते आधी हाताने मोजते." बाहेर भोंगा वाजला तशी अमिषा उठली. फाटकापर्यंत सोडायला आली, रिक्षावाल्याला नीट जायला सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. तो नमस्कार हेमांगीला सहन झाला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने मृणालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. उभ्यानेच, एका दमात.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, ताई?"

"तू माझ्यासाठी रडलीस. मला ते बरं वाटत होतं."

"शेवटचं प्रकरण मग काढावं लागेल," मृणाली हळूच म्हणाली. "मला ते फार आवडलं होतं."

"मलाही," हेमांगी म्हणाली. "काढ. अमिषाचं नाव, गाव मात्र बदल. आणि माझ्यावर दया करून लिहू नकोस."

मृणाली पुन्हा दोन दिवस येऊन राहिली. यावेळी ती फार बोलली नाही आणि डोळेही पुसले नाहीत. नायिकेने तरण्या मुलीचा अर्ज नाकारला, इथे कादंबरी संपवायची असं तिने ठरवलं. प्रकाशकाने कुरकुर केली, पण ती अडून बसली. गणपतीच्या आधी पुस्तक आलं. दिनानाथांच्या पानांवर लोक संतापले, नीराबाईच्या पानांवर हळहळले. शेवट मात्र पुष्कळांना रुचला नाही. एका वाचक बाईंनी मृणालीला कळवलं, की एवढं सोसलेली बाई असं वागेल हे मनाला पटत नाही. मृणालीने ते पत्र हेमांगीला फोनवर वाचून दाखवलं. हेमांगी नुसतं "हं" म्हणाली.

तिने एक प्रत यार्डाच्या पत्त्यावर पाठवली. आत काही लिहावं म्हणून पेन उघडलं, पण आपलं नाव लिहिण्यापलीकडे तिला काही सुचलं नाही. तीन आठवड्यांनी मोबाइलवर निरोप आला: "मॅडम, पुस्तक मिळालं. अजून वाचलं नाही. वेळ मिळाला की बघते."

त्याला आता पाच महिने झाले. हेमांगीने पुन्हा विचारलेलं नाही.